दर पाच मिनिटांना एक गाडी नाव बदलते

२०२४-२५ या आर्थिक वर्षात मारुती सुझुकीनं १,०६,४२२ मोटारी भारतातच एका दुसऱ्या मोटार कंपनीला विकल्या. ती कंपनी म्हणजे टोयोटा, बाजारात मारुतीच्या समोरच दुकान मांडून बसलेली. वर्षाचे ३६५ दिवस धरले, तर हा आकडा रोजचा २९१ होतो. तासाला बारा. म्हणजे दिवस-रात्र, सणवार, अमावास्या-पौर्णिमा काहीही न पाळता दर पाच मिनिटांना एक सुझुकी टोयोटाचा बिल्ला लावून बाहेर पडते.

बलेनोची ग्लॅन्झा होते, फ्राँक्सची टायसर, अर्टिगाची रुमियन. पत्रा तोच, इंजिन तेच, आसनं तीच. पुढची जाळी वेगळी, बंपर थोडा वेगळा, चाकांची नक्षी निराळी. जून २०१९मध्ये ग्लॅन्झा बाजारात आली तेव्हा सगळ्यात मोठा फरक गाडीत नव्हताच, तो कागदावर होता. मारुती बलेनोला २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरची वॉरंटी देत होती आणि टोयोटा तिच्या जुळ्या बहिणीला ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची. एकाच कारखान्यातून निघालेली गाडी, पण बिल्ला बदलल्याबरोबर तिच्या किलोमीटरांची हमी अडीचपट झाली.

आता उलटी दिशा बघा. मारुतीची ग्रँड व्हिटारा बनते ती टोयोटाच्या कारखान्यात, बेंगळुरूजवळच्या बिडदीला. तिथंच तिची जुळी हायरायडरही बनते. सप्टेंबर २०२२मध्ये बाजारात आल्यापासून ३२ महिन्यांत ३ लाख ग्रँड व्हिटारा विकल्या गेल्या. महिन्याला ९,३७५. दिवसाला तीनशेच्या वर. म्हणजे सरासरी काढली तर रोज तीनशेच्या आसपास गाड्या मारुतीकडून टोयोटाकडे जातात आणि जवळपास तेवढ्याच टोयोटाकडून मारुतीकडे येतात. दोघांचे विक्रेते एकाच गिऱ्हाइकाच्या मागं लागलेले असतात, आणि गिऱ्हाईक दोन्हीकडं चाचणीसाठी फिरवून बघतं ती गाडी एकच असते.

या ३ लाख गाड्या एकामागे एक, बंपरला बंपर चिकटवून उभ्या केल्या तर? ग्रँड व्हिटाराची लांबी ४,३४५ मिलिमीटर. रांग होते १,३०० किलोमीटरांची. बेंगळुरूला पहिली गाडी लावली तर बेळगाव, कोल्हापूर, पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी घाट, पुणे, मुंबई असं करत शेवटची गाडी सुरतेच्या आसपास येते. बिडदीहून पुण्या-मुंबईकडे रस्त्यानं येणाऱ्या गाड्यांचा मार्गही हाच, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून जाणारा. उंच कंटेनरात बसून त्या कराडवरून जातात तेव्हा काहींवर सुझुकीचा ‘एस’ असतो, काहींवर टोयोटाची लंबवर्तुळं. काही दिवसांनी त्यांतल्याच काही एमएच-१०, एमएच-११ किंवा एमएच-५०ची पाटी लावून याच रस्त्यानं परत येतात.

दोन प्रतिस्पर्धी असं का वागतात, हे समजायला एक भागाकार पुरतो. त्यासाठी पुण्याच्या टाटा इंडिकाकडे जाऊ. डिसेंबर १९९८मध्ये आलेल्या या गाडीवर टाटांनी सुमारे १,७०० कोटी रुपये खर्च केले होते. रेखाचित्रं, साचे, यंत्रं, चाचण्या, सगळं धरून. सगळ्यात साध्या इंडिकाची किंमत होती २ लाख ५९ हजार. गाडी जाहीर झाली आणि आठवडाभरात १,१५,००० लोकांनी पूर्ण पैसे भरून नोंदणी केली. एवढा प्रतिसाद त्या वेळी कुणाला स्वप्नातही दिसला नसता. आता १,७०० कोटींना त्या १,१५,००० नं भागा. एका गाडीच्या वाट्याला जवळजवळ १ लाख ४८ हजार रुपये येतात. लोखंड, काच, रबर, मजुरी यांचा एक पैसाही अजून धरलेला नाही. किमतीचा निम्म्याहून जास्त भाग नुसत्या तयारीनंच खाल्ला. हेच १,७०० कोटी १० लाख गाड्यांवर पसरले, की वाटा १७,००० वर येतो.

मोटारीच्या धंद्याचं सगळं गणित या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. साचा एकदा बनला, की त्यातून निघणारा प्रत्येक जादा पत्रा मागच्या पत्र्यांचं ओझं हलकं करतो. तो जादा पत्रा आपल्या नावानं विकला जात नसेल तर शेजाऱ्याच्या नावानं विकावा, हे कारखानदाराला परवडतं. शेजाऱ्यालाही परवडतं, कारण त्याचे हजार-दोन हजार कोटी वाचतात. म्हणून बिल्ले बदललेल्या गाड्यांना फसवणूक म्हणणारे लोक मला पटत नाहीत. हिशेब सरळ आहे आणि गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा त्याचा फायदाच होतो. प्रश्न वेगळा आहे. बिल्ल्यामागं साचा कुणाचा, कारखाना कुणाचा आणि शेवटी पैसा कुणाच्या खिशात जातो, हे विचारलं की आकडे खरोखर बोलू लागतात.

इंडिकेनंही हे करून बघितलं. डिसेंबर २००२मध्ये टाटांनी ब्रिटनच्या एमजी रोव्हरशी करार केला. पाच वर्षांत एक लाख इंडिका पुण्यात बनवायच्या आणि ब्रिटनमध्ये ‘सिटीरोव्हर’ या नावानं विकायच्या. २००३च्या शरदात त्या तिथल्या दुकानांत लागल्या, किंमत ६,४९५ पौंडांपासून. त्या वेळच्या दरानं पाच लाख रुपयांच्या आसपास. पुण्यातल्या कामगारांनी जोडलेली मोटार ब्रिटनच्या जुन्या, मानाच्या बिल्ल्याखाली ब्रिटनच्याच रस्त्यावर धावते आहे, ही गोष्ट तेव्हा इकडे अभिमानानं सांगितली गेली, आणि ती अभिमानाची होतीच. टाटांच्याच ट्रकांवर १९५४पासून पंधरा वर्षं मर्सिडीजचा तारा होता. पन्नास वर्षांच्या आत बिल्ल्याची दिशा उलटली होती.

पण करारातला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांचं जमलं नाही. एक लाखांचा करार, प्रत्यक्ष विक्री दहा हजारांच्या आतच. गाडीच्या मानानं किंमत फार, असं तिथल्या परीक्षकांनी जवळपास एकमुखानं लिहिलं. एप्रिल २००५मध्ये एमजी रोव्हरच कोसळली आणि सुमारे ६,००० कामगार घरी बसले. दुसऱ्याचा बिल्ला लावून गाडी विकायची, तर तो बिल्ला तरी टिकला पाहिजे.

जगात याहून विचित्र जोड्या झाल्या आहेत. १९९३मध्ये जपानमध्ये होंडानं ब्रिटनची लँड रोव्हर डिस्कव्हरी ‘क्रॉसरोड’ या नावानं विकली. अ‍ॅस्टन मार्टिननं टोयोटाच्या चिमुकल्या आयक्यूला कातडी आसनं आणि नवी जाळी लावून ‘सिग्नेट’ बनवलं, किंमत जवळपास तिप्पट केली, आणि २०११ ते २०१३ एवढ्याच काळात तो प्रयोग संपला. युरोपात सुझुकीचा ‘स्वेस’ म्हणजे टोयोटाची कोरोला आणि ‘अ‍ॅक्रॉस’ म्हणजे टोयोटाचीच रॅव्ह-फोर. फिलिपिन्समध्ये बजाजची पल्सर कावासाकीच्या बिल्ल्याखाली ‘राउझर’ होऊन फिरली. आणि आपल्याकडची बलेनो २०२०पासून आफ्रिकेत ‘टोयोटा स्टारलेट’ आहे. सेलेरिओ तिथं ‘व्हिट्झ’ झाली, सियाझ ‘बेल्टा’. जोहान्सबर्गमध्ये स्टारलेट घेणाऱ्या कुटुंबाच्या लेखी ती जपानी टोयोटाच असते. तिच्या चेसिसवरचा सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक मात्र ‘एम’नं सुरू होतो, आणि त्याची पहिली दोन अक्षरं मिळून भारताकडे बोट दाखवतात.

पुन्हा रोव्हरकडे वळू. हे नाव मुळात सायकलचं होतं. १८८५ साली कॉव्हेंट्रीत निघालेली रोव्हर सायकल आजच्या सायकलीची पूर्वज मानली जाते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८८ साली, बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं. तिथून ते नांगराकडे वळले. १० मार्च १९१० रोजी ते आपलं बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन कुंडलजवळच्या माळावर आले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना ३२ एकर जमीन दिली होती. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, कुंडलजवळची ती जमीन सांगली जिल्ह्यात. निवडुंगानं भरलेल्या त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, पंप तिथून खेड्यापाड्यांत गेले. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला यंत्र म्हणजे काय, ते प्रथम समजलं ते या वाडीमुळं.

याच घराण्याच्या चौथ्या पिढीतल्या विक्रम किर्लोस्करांनी १९९७ साली टोयोटाबरोबर भागीदारी केली आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर उभी राहिली. टोयोटाकडे ८९ टक्के, किर्लोस्करांकडे ११ टक्के. २०२४-२५मध्ये या कंपनीनं ३,३७,१४८ गाड्या विकल्या, आणि मारुतीनं तिला त्याच वर्षी दिलेल्या गाड्या १,०६,४२२. जवळपास तीनातली एक. हिशेबाचा हा भाग मला थक्क करतो. ज्या घराण्यानं स्वतःचं नाव ओतीव लोखंडात उठवून सांगली जिल्ह्यातून देशभर पाठवलं, त्याच्या भागीदारीतल्या कंपनीच्या दर तिसऱ्या गाडीचा जन्म दुसऱ्याच्या कारखान्यात होतो. आणि कंपनीच्या नावात असलेलं ‘किर्लोस्कर’ गाडीच्या पुढच्या जाळीवर कुठंच नसतं.

यात कमीपणा नाही. नांगराच्या काळात साचा हाच मालकीचा पुरावा होता. आता भांडवल इतकं प्रचंड लागतं की टोयोटासारख्या जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीलाही छोट्या गाडीचा साचा सुझुकीकडून घेणं परवडतं. ऑगस्ट २०१९मध्ये या दोघांनी एकमेकांत पैसे गुंतवायचंही ठरवलं. टोयोटानं सुझुकीचे सुमारे ४.९ टक्के शेअर ९६ अब्ज येनना घेतले, सुझुकीनं टोयोटाचे ४८ अब्ज येनचे.

बिल्ला बदलायची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र साताऱ्याची आहे. ती मोटारीची नाही, स्कूटरची आहे, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीनं ती चालवली आहे.

इटलीच्या पियाज्जिओ कंपनीची व्हेस्पा १९४६ साली जन्मली. १९६१पासून बजाजनं परवाना घेऊन ती पुण्याजवळ आकुर्डीला बनवायला सुरुवात केली. १९७१ साली परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही, आणि पुढच्याच वर्षी बजाजनं स्वतःच्या नावानं ‘चेतक’ आणली. मग जून १९७५मध्ये ‘महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड’ स्थापन झाली. २७ टक्के भांडवल राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचं, २४ टक्के बजाजचं, उरलेलं जनतेचं. कारखाना साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. बजाजकडून सुटे भाग यायचे, साताऱ्यात जुळणी व्हायची, आणि स्कूटरच्या अंगावर नाव लागायचं ‘प्रिया’. इटलीतल्या पाँतेदेरात व्हेस्पा, आकुर्डीत बजाज, साताऱ्यात प्रिया. एकाच यंत्राचं हे तिसरं नाव.

आज दोन कंपन्या गाडी वाटून घेतात ती भांडवल वाचवायला. तेव्हाचं कारण वेगळं होतं. वर्षाला किती स्कूटर बनवायच्या, हे कारखान्याच्या परवान्यात लिहिलेलं असे. मागणी कितीही असो, त्या आकड्यापलीकडे जायची मोकळीक नव्हती. बजाजची स्कूटर नोंदवली की मिळायला दहा दहा वर्षं लागत. १९७५ला नोंदणी करणाऱ्याच्या अंगणात स्कूटर येईपर्यंत त्याचं तान्हं मूल पाचवीत गेलेलं असे. बाहेरून परकी चलन आणणाऱ्याला लवकर मिळे, बाकीच्यांनी वाट बघायची. अशा काळात नवी कंपनी, नवा परवाना आणि नवं नाव एवढाच स्कूटरींची संख्या वाढवायचा सरळ रस्ता होता. लखनौच्या सरकारी स्कूटर्स इंडियानं इटलीच्या लँब्रेटाचा कारखानाच विकत आणला होता. तिकडंही हाच मार्ग वापरला गेला. लखनौत ती ‘विजय सुपर’, हैदराबादला ‘ऑल्विन पुष्पक’, गुजरातेत ‘गिरनार’.

त्या टंचाईचं माप काढायला बजाजचेच आकडे घेऊ. १९६१ला सुरू झालेल्या आकुर्डीतून एक लाखावं वाहन बाहेर पडलं १९७० साली. नऊ वर्षं. १९७७ साली पहिल्यांदा एका आर्थिक वर्षात एक लाखाचा टप्पा गाठला. १९८६ साली तोच वर्षाचा आकडा पाच लाख झाला. आणि २०२४-२५मध्ये बजाजनं दुचाकी-तीनचाकी मिळून ४६ लाखांच्या वर वाहनं विकली. पहिल्या लाखाला नऊ वर्षं लागली होती. आता आठ दिवस लागतात. साताऱ्याची प्रिया या दोन टोकांच्या मधोमध, नेमक्या चणचणीच्या वर्षांत जन्मली, म्हणून तिची किंमत निव्वळ विक्रीच्या संख्येत मोजता येत नाही. ज्या शिक्षकाला, तलाठ्याला, अडत्याला चेतकच्या रांगेत उभं राहणं शक्य नव्हतं, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी पहिलं इंजिन आलं ते प्रियाचं. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याबाहेर, साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी, सरकार आणि खासगी उद्योजक मिळून कारखाना चालवू शकतात, हेही तिनं दाखवलं. माझ्या मते त्या काळातल्या संयुक्त क्षेत्राच्या प्रयोगांत हा खरोखर यशस्वी प्रयोग होता.

उदारीकरणानंतर रांगा संपल्या, आणि रांगांबरोबर गिअरच्या स्कूटरीही. मोटारसायकलींनी बाजार घेतला. २००६ साली साताऱ्यातलं स्कूटर उत्पादन थांबलं. कारखान्यानं पुढं साचे, जिग्ज आणि फिक्श्चर बनवायला घेतले. प्रिया संपली, पण तिच्या कमाईतून कंपनीनं वर्षानुवर्षं घेऊन ठेवलेले बजाज समूहाचे शेअर तिच्याकडेच राहिले. बजाज ऑटो, बजाज होल्डिंग्ज, बजाज फिनसर्व्ह, बजाज फायनान्स. आणि त्यांतल्या बजाज फायनान्सचं पुढं काय झालं, ते शेअर बाजाराकडे थोडंही लक्ष असलेल्या माणसाला सांगायला नको.

कंपनीचे एकूण शेअर १ कोटी १४ लाखांच्या आसपास. त्यातला महामंडळाचा २७ टक्के हिस्सा म्हणजे सुमारे ३० लाख ८५ हजार शेअर. २००३ साली महामंडळानं तो बजाजला विकायची तयारी दाखवली. भाव ठरेना, प्रकरण लवादाकडे गेलं. १४ जानेवारी २००६ रोजी लवादानं भाव ठरवला, शेअरला १५१ रुपये ६३ पैसे. महामंडळाला तो मान्य झाला नाही. २०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवाडा रद्द केला, २०१५मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं तो पुन्हा कायम केला आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात महामंडळ हरलं. शेअर बजाज होल्डिंग्जकडे गेले. चोवीसात सत्तावीस मिळवले, एक्कावन्न झाले. त्या वेळी बाजारात याच शेअरचा भाव चार आकडी होता.

लवादाच्या भावानं त्या सगळ्या हिश्शाची किंमत होते सुमारे ४६ कोटी ७९ लाख रुपये. विकायची तयारी २००३ साली दाखवली, म्हणून किंमतही त्या काळातलीच मिळाली. कायद्यानं ते बरोबरच आहे. पण आकड्यांकडे बघून मला हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. २०२५ साली महाराष्ट्र स्कूटर्सचं बाजारमूल्य १०,००० कोटींच्या वर होतं. १०,००० कोटी धरले तरी त्यातले २७ टक्के म्हणजे २,७०० कोटी रुपये. ४७ कोटींच्या जवळपास सत्तावन्नपट. तो हिस्सा कुणा व्यक्तीचा नव्हता. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे या भागाच्या विकासासाठी काढलेल्या महामंडळाचा, म्हणजे इथल्या जनतेचा होता. दोन-तीन जिल्हा रुग्णालयं आणि शंभरेक शाळा एवढ्या रकमेत सहज उभ्या राहिल्या असत्या.

शेअर बाजाराच्या यादीत कंपनीचं नाव अजून ‘महाराष्ट्र स्कूटर्स’च आहे. तिच्या कारखान्यातून मात्र २००६नंतर एकही स्कूटर निघालेली नाही.